मधुमेहाच्या जोडीला दुसरा आजार : औषधे आणि सावधगिरी

आमच्या भागातल्या एका विहारात पौर्णिमेची वंदना झाली की आम्ही रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. येणाऱ्यांना एकच विनंती असते. घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, मेडिकलमधून सुट्या आणलेल्यासुद्धा. एकदा पासष्ट वर्षांच्या एक आजी आल्या. महिनाभरापूर्वी पहाटे त्या अंथरुणातच बेशुद्ध सापडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेले, उजवा हात लुळा. घरच्यांना वाटले, अर्धांगवायू. रुग्णालयात साखर मोजली तर ३८. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर आजी बोलू लागल्या, हातही हलू लागला. दोन दिवसांनी घरी आल्या आणि त्याच गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सुट्टीचा कागद इंग्रजीत होता आणि तो कोणी वाचून दाखवला नव्हता.

पिशवीत तीन ठिकाणांहून आलेली औषधे होती. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, ती एका दवाखान्यातली. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध, तेही एकाच गोळीत, दुसऱ्या दवाखान्यातले. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, ते चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून. एकेक गोळी सुटी पाहिली तर कोणतीच चूक म्हणता येणार नाही. सगळ्या मिळून आजींच्या किडनीवर काय करत होत्या, हे पाहणारा मात्र कोणी नव्हता.

हा लेख त्याच प्रश्नावर आहे. आम्ही डॉक्टर नाही, समाजकार्य करणारी माणसे आहोत. कोणती गोळी घ्यावी हे आम्ही सांगत नाही आणि वाचणाऱ्या कार्यकर्त्यांनीही सांगू नये. पण डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणती माहिती त्यांच्यापुढे ठेवायची, हे कळायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब. म्हणजे मधुमेह एकटा सापडणे हेच दुर्मिळ. मधुमेह आणि रक्तदाब, मधुमेह आणि किडनी, मधुमेह आणि टीबी, मधुमेह आणि सिकलसेल अशा जोड्याच आपल्याला भेटतात. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या वेदना आणि मंदावत गेलेली दृष्टी यांनी त्यांची शेवटची वर्षे ग्रासली होती. पण १९४८ नंतर त्यांच्या घरात माईसाहेब होत्या, स्वतः एमबीबीएस डॉक्टर. पथ्य, इंजेक्शन आणि औषध या सगळ्यांवर एकाच जाणत्या माणसाची नजर होती. आपल्या वस्तीत तशी नजर कोणाच्या वाट्याला येते?

किडनी : सगळ्यात आधी हेच पाहा

मधुमेहाची बहुतेक औषधे, किंवा शरीरात त्यांचे विघटन होऊन उरलेला भाग, किडनीवाटे बाहेर पडतो. किडनी मंदावली की औषध अंगात जास्त वेळ राहते. डोस तोच असतो, पण परिणाम वाढलेला असतो.

रिपोर्टवर लोक क्रिएटिनिनचा आकडा पाहतात, आणि तो फसवतो. क्रिएटिनिन स्नायूंमधून येते. बारीक, वयस्क बाईचे स्नायूच कमी, म्हणून किडनी बिघडली तरी तिचा आकडा फारसा वर चढत नाही. १.३ हे क्रिएटिनिन पंचवीस वर्षांच्या तरुणाचे असेल, तर त्याची किडनी गाळण्याचे काम मिनिटाला साधारण ७८ मिलिलिटर या वेगाने करते. तेच १.३ पासष्ट वर्षांच्या बाईचे असेल तर वेग जेमतेम ४५. या वेगाला ईजीएफआर म्हणतात. वय, लिंग आणि क्रिएटिनिन दिले की मोबाइलवरही तो काढता येतो. आजींचे क्रिएटिनिन १.५ होते. ‘थोडे वाढले आहे’ असे त्यांना सांगितले गेले होते. ईजीएफआर काढला तर ३८ आला.

मेटफॉर्मिन हे चांगले, जुने आणि स्वस्त औषध आहे. ‘मेटफॉर्मिनने किडनी खराब होते’ असे वस्तीत सर्रास बोलले जाते, ते खरे नाही. खरे इतकेच की किडनी आधीच खराब असेल तर मेटफॉर्मिन साचते आणि क्वचित प्रसंगी रक्तात लॅक्टिक आम्ल वाढून जीवावर बेतते. म्हणून ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डॉक्टर साधारणपणे डोस निम्म्यावर आणतात, दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत आणि ३० च्या खाली ते बंद करतात. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी शिरेतून रंगद्रव्य द्यायचे असेल आणि किडनी कमजोर असेल तर मेटफॉर्मिन थांबवून, ४८ तासांनी किडनी तपासून मगच पुन्हा सुरू केले जाते. तपासणीच्या टेबलावर जाण्याआधी ‘मी मेटफॉर्मिन घेते’ हे सांगणे रुग्णाच्या हातात आहे.

जास्त धोका साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्यांचा असतो. यात ग्लिबेनक्लामाइड सर्वांत वाईट. त्याचा परिणाम लांबतो, आणि वयस्क किंवा किडनीच्या रुग्णाची साखर एकदा खाली गेली की ग्लुकोज देऊनही पुन्हा पुन्हा घसरते. म्हातारी माणसे आणि किडनीचे रुग्ण यांना ते देऊ नये असे सांगितले जाते, तरीही स्वस्त म्हणून ते अजून चालू असलेले आम्ही पाहतो. ग्लिमेपिराइड त्यापेक्षा बरे, पण किडनी बिघडल्यावर त्याचीही भीती धरायला हवी. लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन अशा काही गोळ्यांचा डोस किडनीसाठी बदलावा लागत नाही, सिटाग्लिप्टिनचा मात्र कमी करावा लागतो. ‘ग्लिप्टिन’ हा शब्द दिसला म्हणून सगळ्या एकसारख्या समजू नका.

इथे एक सापळा आहे आणि तो ओळखता आलाच पाहिजे. इन्सुलिनचा निचरा करण्यात किडनीचाही वाटा असतो. किडनी हळूहळू निकामी होऊ लागली की बाहेरून घेतलेले इन्सुलिन जास्त टिकते आणि साखर आपोआप कमी दिसू लागते. घरात आनंद होतो. ‘बाबांची शुगर सुधारली, इन्सुलिन निम्म्यावर आले.’ खाण्यात बदल नाही, चालणे वाढलेले नाही आणि तरीही साखर सुधारली, तर पेढे वाटण्याआधी किडनीची तपासणी करून घ्या.

गुडघ्याची गोळी

वस्तीतल्या कामाचे स्वरूप पाहिले तर अंगदुखीची गोळी का खपते हे वेगळे सांगायला नको. झाडू, बांधकाम, घरकाम, ओझी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफिनॅक, निमेसुलाइड या गोळ्या दहा-वीस रुपयांत मिळतात आणि चिठ्ठी कोणी मागत नाही. या सगळ्या किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. तरुण, धडधाकट माणसाला चार दिवस घेऊन सहसा काही होत नाही. पण मधुमेह असलेला माणूस टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल घेत असेल, जोडीला लघवीची गोळी असेल आणि वर दुखण्याची गोळी पडली, तर किडनीवर तिन्ही बाजूंनी दाब येतो. काही दिवसांत क्रिएटिनिन चढते. मग मेटफॉर्मिन साचते, ग्लिमेपिराइडचा परिणाम लांबतो, आणि एका पहाटे आजी बेशुद्ध सापडतात. आजींची साखर मधुमेहाच्या गोळीने उतरली हे खरे, पण त्या गोळीला इतके बळ दिले ते गुडघ्याच्या गोळीने.

अशा रुग्णाला दुखण्यावर साधारणपणे पॅरासिटामॉल सुचवले जाते, मर्यादित डोसमध्ये. लावायचे मलम, शेक, फिजिओथेरपी हेही असते. ‘त्याने काय फरक पडतो’ असे आजी म्हणतात आणि त्यांचे काही चुकत नाही, कारण दुखणे कामामुळे आहे आणि काम सुटत नाही. याचे उत्तर औषधात नाही, हे आम्हालाही मान्य आहे.

संधिवातावर गावोगाव मिळणाऱ्या पुड्यांचा प्रश्न याहून वाईट. अशा पुडीत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. दोन दिवसांत दुखणे पळते आणि साखर तीनशेवर जाते. डॉक्टर मधुमेहाचा डोस वाढवतात, कारण पुडीबद्दल त्यांना कोणी सांगत नाही. मग पुडी संपते, वाढलेला डोस चालूच राहतो आणि साखर कोसळते. खूप दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून पुडी फेकून देण्याआधी ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

साखर खाली जाते तेव्हा, आणि अष्टशील

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, अचानक भूक अशी लक्षणे दिसतात. आणखी खाली गेली की बोलणे अडखळते, माणूस वेड्यासारखे वागतो, कधी अर्धांगवायूसारखे दिसते. रस्त्यात असा माणूस दिसला तर लोक ‘प्यायलाय’ म्हणून पुढे जातात. रक्तदाब किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल या गटाची गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवतच नाही. घाम मात्र येतो. अशा रुग्णाच्या घरच्यांना सांगून ठेवा की विनाकारण गार घाम आला की आधी साखर तपासा.

उपाय साधा आहे. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमी असेल तर पुन्हा द्या आणि नंतर पोळी किंवा भात असे काही खायला घाला. दोन अपवाद लक्षात ठेवा. रुग्ण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल तर घरातली साखर लवकर काम करत नाही, कारण ती फोडणाऱ्या पाचकरसालाच हे औषध अडवते. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. दुसरे म्हणजे शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा आणि ‘मधुमेहाचा रुग्ण आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. साखर उतरवणाऱ्या गोळीमुळे असे झाले असेल आणि किडनीही कमजोर असेल, तर रुग्ण शुद्धीवर आल्यावर लगेच घरी नेऊ नका. साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून रात्रभर तरी देखरेखीखाली ठेवायला हवे.

पौर्णिमेला आणि वर्षावासात आपल्याकडे अनेक उपासक-उपासिका अष्टशील पाळतात. विकालभोजनापासून विरती, म्हणजे मध्यान्हानंतर भोजन नाही. सकाळी नेहमीची ग्लिमेपिराइड किंवा मिश्र इन्सुलिन घेतले आणि रात्रीचे जेवण झाले नाही, तर मध्यरात्री ते पहाट ही वेळ धोक्याची. बहुतेक जण डॉक्टरांना याबद्दल विचारतच नाहीत, कारण डॉक्टर हसतील अशी धास्ती असते. विचारले पाहिजे. उपोसथाच्या दिवशी डोस किती घ्यायचा, की त्या महिन्यात हे शील पाळायचेच नाही, हे आधी ठरवता येते. आणि कोणी ‘शीलभंग होईल’ म्हणून साखर तोंडात घालायला नकार देत असेल तर त्यांना विनयपिटकातल्या महावग्गाची आठवण करून द्या. तिथे भेसज्जक्खंधकात तथागतांनी आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे काकवी-गुळासारखा पदार्थ, ही पाच औषधे म्हणून अवेळीही घेण्याची मुभा दिली आहे. मध आणि गूळ यात स्पष्टपणे आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नियमात आजाऱ्यासाठी जागा होती, ती आपण आपल्या हाताने बंद करू नये.

शील न पाळणाऱ्यांचीही जेवणे चुकतातच. सफाई कामगाराला पहाटे हजेरी चौकीवर पोहोचायचे असते. गोळी घरी घेतली जाते आणि पोटात काही जायला नऊ-दहा वाजतात. दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला रांगेत उभे राहिलेल्यांचेही तेच होते. ‘जेवणाआधी’ असे चिठ्ठीवर लिहिले असेल तर गोळी आणि घास यांत अर्धा तास असावा, चार तास नव्हे. रांगेत जाणाऱ्यांच्या खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, ती पाणपोईइतकीच गरजेची आहे. आणि दारूबद्दल पाचवे शील आपल्याला ठाऊक आहेच. औषधाच्या बाजूने इतकेच सांगतो की उपाशीपोटी दारू आणि सोबत ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल, तर त्या रात्री यकृत साखर सोडण्याचे काम नीट करत नाही.

सिकलसेल आणि एचबीए१सीचा आकडा

हा भाग विदर्भातल्या वाचकांसाठी विशेष आहे. सिकलसेल हा फक्त आदिवासींचा आजार असा समज सरकारी योजनांमुळे पक्का झाला आहे. प्रत्यक्षात विदर्भात तो आदिवासी समाजांबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आढळतो. पूर्वी हे रुग्ण लवकर दगावत. आता उपचारांमुळे जास्त जगतात, आणि मधुमेहाच्या वयापर्यंत पोहोचतात.

मधुमेहाचा तीन महिन्यांचा हिशेब म्हणून एचबीए१सी ही तपासणी होते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यावर किती साखर चिकटली ते ती मोजते. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. रक्तात साखर भरपूर असूनही आकडा ५.८ येऊ शकतो आणि रुग्णाला ‘तुम्हाला मधुमेह नाही’ असे सांगून परत पाठवले जाते. नुकतेच रक्त चढवले असेल तरी आकडा चुकतो. केवळ वाहक असलेल्यांमध्ये, म्हणजे एएस प्रकारात, पेशी नेहमीइतक्या जगतात, पण प्रयोगशाळेतले यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे त्यावर आकडा कमी-जास्त येऊ शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, घरच्या ग्लुकोमीटरची नोंदवही किंवा फ्रुक्टोसामीन ही तपासणी यांच्यावर भर द्यावा लागतो. याच्या उलट, लोहाच्या कमतरतेने आलेल्या रक्तक्षयात एचबीए१सी खरा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आपल्या बायकांमध्ये रक्तक्षय किती आहे हे सांगायला नको. खोट्या वाढलेल्या आकड्यावर डोस वाढवला तर काय होईल, याचा विचार करा.

सिकलसेलच्या रुग्णाची किडनीही तरुण वयात खराब होऊ लागते, आणि क्रिएटिनिन मात्र बराच काळ कमीच दिसते. लघवीतून अल्ब्युमिन जाते का, ही तपासणी त्यामुळे अधिक महत्त्वाची. शरीरातले पाणी कमी झाले की सिकलसेलचा झटका येतो. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखरेसोबत पाणीही बाहेर काढतात. म्हणून ही गोळी लिहिण्याआधी डॉक्टरांना सिकलसेल माहीत असलाच पाहिजे.

तो माहीत का नसतो? कारण घरातच लपवला जातो. मुलीचे लग्न जमायचे असते. आई आपले सिकलसेलचे कार्ड कपाटात ठेवते आणि मधुमेहाच्या दवाखान्यात त्याबद्दल काही बोलत नाही. डॉक्टरही विचारत नाहीत, कारण त्यांच्या फॉर्मवर तो रकाना नसतो. समाजशास्त्रात शिकलेला कलंक हा शब्द आम्हाला असा रोज दिसतो. इथे त्याची किंमत एका चुकलेल्या रिपोर्टने मोजली जाते.

टीबी आणि एचआयव्ही

टीबीच्या औषधांमधले रिफाम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या लवकर नष्ट होतात. साखर वाढते, डोस वाढवावा लागतो किंवा इन्सुलिन द्यावे लागते. ते ठीक. पण सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपतो, लोक अभिनंदन करतात, आणि मधुमेहाचा वाढवलेला डोस कमी करायचे राहून जाते. टीबीचे औषध बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत साखर खाली जाऊ लागते. टीबीमित्र म्हणून काम करणाऱ्यांनी कोर्सच्या शेवटच्या आठवड्यात ‘आता मधुमेहाच्या डॉक्टरांकडे कधी जाणार’ हे विचारायला विसरू नये. आयसोनियाझिडमुळे हातापायांत मुंग्या येतात, मधुमेहामुळेही येतात. म्हणून सोबतची पायरिडॉक्सिनची गोळी चुकवू नये.

एचआयव्हीच्या सरकारी उपचारात आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर असलेली एकच गोळी मिळते. डोल्युटेग्राव्हिरमुळे रक्तातले मेटफॉर्मिन वाढते, म्हणून अशा रुग्णाला मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. टेनोफोव्हिर किडनीवरही ताण आणू शकते. एआरटी केंद्राला मधुमेहाची गोळी दाखवा. आणि ज्या खासगी डॉक्टरांकडे एचआयव्हीबद्दल सांगायची हिंमत होत नाही, तिथे मधुमेहाची गोळी घेण्यापेक्षा दोन्ही औषधे एकाच सरकारी ठिकाणाहून घेणे सुरक्षित. गुप्ततेचा हक्क कायद्याने दिलेला आहे, हेही सोबत सांगा.

हृदय, यकृत आणि ‘रामबाण’ पावडर

पायोग्लिटाझोन अंगात पाणी साठवते. हृदय कमजोर असेल तर पाय सुजतात, आडवे झाल्यावर दम लागतो. अशा रुग्णाला ते देत नाहीत. अडचण ही की ते बहुधा मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत असते आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचे नाव असते, घटक मात्र बारीक अक्षरात. बारीक अक्षरच वाचा. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिननेही पाय सुजतात, त्यामुळे सूज दिसली की स्वतः निष्कर्ष न काढता दोन्ही गोळ्या दाखवा.

उलट डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन हृदय आणि किडनी दोन्हींना फायद्याची ठरली आहेत. पेटंट संपल्यामुळे, डापाग्लिफ्लोझिनचे २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये, ती आता बऱ्याच स्वस्तात मिळतात. ‘माझ्या हृदयाला आणि किडनीला याचा उपयोग होईल का’ हा प्रश्न गरीब रुग्णानेही विचारायला हरकत नाही. धोके दोन. जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग होतो, आणि जिथे शौचालय सार्वजनिक आणि पाणी मोजके, तिथल्या बायका लाजेपोटी काही न बोलता गोळी सोडून देतात. दुसरा धोका दुर्मिळ पण गंभीर. साखर दोनशेच्या आत असतानाही रक्तात आम्ल वाढते. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास ही त्याची लक्षणे. ग्लुकोमीटरचा आकडा बरा दिसतो म्हणून घरी थांबू नका. ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी आणि कडक उपवासात हे औषध थांबवतात, तेही विचारूनच.

यकृताचा सिऱ्होसिस असेल तर साखर खाली जाण्याची भीती वाढते. व्हिल्डाग्लिप्टिन सुरू करण्याआधी यकृताची तपासणी लागते.

आणि ती पावडर. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांमध्ये ग्लिबेनक्लामाइडच मिसळलेले असल्याचे अनेक देशांतल्या सरकारी तपासण्यांत सापडले आहे. म्हणजे माणूस नकळत दोन डोस घेतो, एक डॉक्टरांचा आणि एक पावडरवाल्याचा. समाजमाध्यमांवर ‘जय भीम’ लिहून अशा जाहिराती आपल्याच गटांत टाकल्या जातात, तेव्हा गटचालकांनी त्या काढून टाकाव्यात.

कार्यकर्त्यांनी करायचे काम

एक कागद, मराठीत. नाव, वय, सगळे आजार, प्रत्येक गोळीतला घटक (कंपनीचे नाव नव्हे), डोस, वेळ, ती कोणी दिली आणि कधीपासून चालू आहे. खाली शेवटचे क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीतले अल्ब्युमिन, वजन, आणि गेल्या महिन्यात साखर कितीदा खाली गेली. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांपेक्षा जास्त काळ चालू असेल तर ब-१२ जीवनसत्त्व तपासले का, हेही लिहा. ते कमी झाल्याने होणारी पायांची जळजळ मधुमेहाच्या नावावर खपवली जाते. हा कागद प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवायचा. आमच्या अनुभवात बहुतेक डॉक्टर तो पाहून सुखावतात. एखादा चिडतो, तर चिडू द्या.

महावग्गातच तथागतांनी चांगल्या शुश्रूषकाचे आणि चांगल्या रुग्णाचे गुण सांगितले आहेत. शुश्रूषकाने रुग्णाला काय योग्य आणि काय अयोग्य ते ओळखून अयोग्य दूर ठेवावे, रुग्णाने आपला आजार आहे तसा सांगावा. या कागदाचे काम नेमके तेवढेच.

उलट्या-जुलाब किंवा कडक ताप असेल आणि पोटात काही ठरत नसेल, तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे, रक्तदाबाची टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी तात्पुरती थांबवावी लागू शकते. आजारी पडल्यावर धावपळ नको म्हणून हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. इन्सुलिन मात्र, विशेषतः लहानपणापासून मधुमेह असलेल्यांनी, जेवण कमी झाले तरी पूर्ण बंद करायचे नाही.

सत्तरीपुढच्या आणि तीन-चार आजार असलेल्या माणसाचा एचबीए१सी ७ च्या खाली आणायचा हट्ट डॉक्टरही धरत नाहीत, त्यांच्यासाठी ८ पर्यंतचा आकडा चालतो असे मानले जाते. घरच्यांचा हट्ट त्याहून मोठा असतो, तो सोडायला सांगा. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, शेजारणीची घ्यायची नाही, आणि कार्यकर्त्यानेही ‘ही बंद करा’ असे म्हणायचे नाही. ‘चला, मी तुमच्याबरोबर येतो’ असे म्हणायचे.

त्या आजींबरोबर आमची एक सहकारी गेली. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कागद दोन मिनिटे वाचला. ग्लिमेपिराइड काढले, मेटफॉर्मिन निम्मे केले, लिनाग्लिप्टिन दिले, डायक्लोफिनॅकवर काट मारली आणि पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा करायला सांगितले. ते १.२ आले. गुडघा अजून दुखतो. पौर्णिमेला आजी आता खुर्चीवर बसून वंदना घेतात आणि पिशवी न सांगता आणतात.